साहेब येऊन गेले, कागद कुठे आहे?

बेंगळुरूत घर बांधायला काढले की न बोलावता तिघे हजर होतात: वाळूवाला, बोअरवेलवाला आणि महापालिकेचा इंजिनिअर. पहिले दोघे निदान दर सांगतात आणि मागितली तर पावती देतात. तिसरा रस्त्यावर मोटारसायकल लावतो, मेस्त्रीकडे नकाशा मागतो, मान वर करून स्लॅबकडे बघतो, ‘ओनरला फोन करायला सांगा’ म्हणतो आणि निघून जातो. नोटीस नाही, पंचनामा नाही, टेप लावून मोजणे नाही. तरी त्या पाच मिनिटांनी घरमालकाची झोप उडते. सेटबॅकमध्ये, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळ्या सोडायच्या जागेत, आपण फूटभर पुढे आलो आहोत हे त्याला ठाऊक असते आणि साहेबांना ते दिसले आहे, हेही त्याला कळलेले असते.

या भेटींबद्दल शहरात दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. पहिली घर बांधणाऱ्याची: उगाच येतात, छळतात, काय चुकले ते सांगत नाहीत, नुसते ‘बघून घ्या’ म्हणतात. दुसरी त्याच्या शेजाऱ्याची: बाजूच्या प्लॉटवर तीन मजल्यांच्या परवानगीवर पाच मजले चढले, माझ्या खिडकीतला उजेड गेला, चार अर्ज केले, कुणी फिरकले नाही, फिरकले ते चहा पिऊन गेले. पहिल्याला महापालिका कमी यायला हवी आहे, दुसऱ्याला जास्त. वर्तमानपत्रांत आणि रहिवासी संघांच्या बैठकांत या दोन बाजू एकमेकांविरुद्ध उभ्या केल्या जातात. मला मात्र ही एकच तक्रार वाटते. दोघांच्याही दारी, किंवा दाराजवळ, जी भेट झाली तिची नोंद कुठेच नाही. ज्या भेटीची नोंद नाही ती नंतर झालीच नव्हती असे म्हणता येते, किंवा नको तेव्हा झाली होती असेही म्हणता येते. पहिल्याकडून पैसे उकळायला हीच सोय उपयोगी पडते आणि दुसऱ्याच्या शेजारी बिल्डरला वाचवायलाही हीच.

हे बेंगळुरूत इतके का मुरले, त्याला इतिहास आहे. २००७ साली जुन्या महानगरपालिकेत आजूबाजूच्या सात नगरपालिका, एक टाऊन म्युनिसिपालिटी आणि शंभरावर खेडी मिसळून बृहत् बेंगळुरू महानगरपालिका, म्हणजे बीबीएमपी, तयार झाली. त्या खेड्यांतल्या शेतजमिनींचे बिगरशेती परवाना न घेता प्लॉट पाडून विकणे आधीपासून चालू होते. ही ‘रेव्हेन्यू लेआउट’. तिथल्या मालमत्तांकडून कर तर घ्यायचा, पण त्या कायदेशीर आहेत असे मान्य करायचे नाही, म्हणून त्यांची नोंद वेगळ्या वहीत झाली. तिचे नाव बी खाता. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याला गुंठेवारी म्हणतात, तिच्यासाठी २००१ साली कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. दोन्ही राज्यांनी एकच मार्ग धरला: आधी लाखो लोकांना चुकू द्यायचे, मग शुल्क घेऊन माफ करायचे, आणि मधली पंधरा-वीस वर्षे त्यांना टांगणीला ठेवायचे.

जमीन कायदेशीर असली तरी घर तसे असतेच असे नाही. बेंगळुरूचा मध्यमवर्गीय प्लॉट तीस बाय चाळीसचा, म्हणजे १,२०० चौरस फुटांचा. चारही बाजूंनी तीन-तीन फूट जागा सोडली तर उरतात चोवीस बाय चौतीस, ८१६ चौरस फूट. जवळजवळ तिसरा हिस्सा हवेला गेला. ज्याने सगळी पुंजी आणि वर वीस वर्षांचे कर्ज घालून जमीन घेतली, त्याने तेवढी जागा मोकळी सोडावी ही अपेक्षा चूक नाही. आगीचा बंब, सांडपाणी, शेजाऱ्याचा उजेड या सगळ्यांचा तो हिस्सा आहे. पण ती अपेक्षा पाळली जात नाही, हे महापालिकेला माहीत आहे, आर्किटेक्टला माहीत आहे, बँकेला माहीत आहे. नकाशा एक मंजूर होतो आणि घर दुसरे उभे राहते. जुन्या महानगरपालिकेच्या २००३ च्या उपविधींत पाच टक्क्यांपर्यंतच्या फरकाला मुभा होती. प्रत्यक्षातले फरक त्याच्या कितीतरी पुढे गेलेले. म्हणून ‘अक्रम-सक्रम’ आले. निवासी बांधकामातला पन्नास टक्क्यांपर्यंतचा आणि बिगरनिवासी बांधकामातला पंचवीस टक्क्यांपर्यंतचा फरक दंड घेऊन नियमित करायचा. २०१६ च्या डिसेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाने योजना उचलून धरली, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तेव्हापासून अर्धे शहर ना अक्रम, ना सक्रम.

अशा शहरात इंजिनिअरला खास काही शोधावे लागत नाही. कोणत्याही गल्लीत कोणत्याही दारापुढे उभे राहिले तरी काहीतरी सापडतेच. मग प्रश्न नियम कुणी मोडला हा राहत नाही, कुणाच्या दाराशी थांबायचे हा होतो, आणि तो ठरवण्याचा अधिकार एका माणसाच्या मर्जीवर येतो. सगळेच थोडेथोडे दोषी असतील तर कायदा सगळ्यांना सारखा लागू होत नाही, निवडून लागू होतो. घरमालक तक्रार करत नाही त्याचे कारणही हेच. तक्रारीत पत्ता लिहावा लागतो आणि पत्ता लिहिला की मोजायला माणूस येतो.

लोकायुक्त आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत. कर्नाटकचा लोकायुक्त कायदा १९८४ चा. २०१६ मध्ये लाचलुचपतीचा तपास त्यांच्याकडून काढून वेगळ्या ब्युरोला दिला गेला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तो ब्युरोच रद्द करून काम परत लोकायुक्तांकडे सोपवले. पण या यंत्रणेचे हत्यार म्हणजे सापळा. पावडर लावलेल्या नोटा, पंच, हात धुतल्यावर गुलाबी होणारे पाणी. म्हणजे भेट झाली, धमकी मिळाली, रक्कम ठरली, इतके सगळे झाले तरी नागरिकाच्या हातात पुरावा नाही. तो तयार करण्यासाठी त्याने पोलिसांच्या नाटकात भूमिका करायची. मोटारसायकलवरून आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी तारीख, वेळ आणि आल्याचे कारण लिहून दिले असते, तर त्या नाटकाची बहुतेक वेळा गरजच पडली नसती.

आता दुसरी बाजू. ती मी हलकी मानत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ फाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. काही महिन्यांत परवानगीशिवाय मजल्यावर मजला चढत गेला होता. अटक झालेल्यांत बिल्डर होते आणि ठाणे महापालिकेचे उपायुक्तही होते. तिथे महापालिकेचा माणूस गेला नाही ही अडचण नव्हती. गेला, पाहिले आणि दर ठरवून परत आला, असा आरोप होता. बेंगळुरूत २२ ऑक्टोबर २०२४ रोजी मुसळधार पावसात बाबूसापाळ्यातली बांधकाम चालू असलेली इमारत पडली, मजूर गाडले गेले, आणि मग नोटीस दिली होती की नव्हती, दिली तर पुढे काय केले, याची चर्चा सुरू झाली. अशा वेळी ‘अधिकाऱ्यांनी लोकांच्या दारी जाऊ नये’ असे म्हणणाऱ्याने त्या मजुरांच्या घरच्यांना तोंड दाखवून दाखवावे.

तेव्हा भेटी हव्यातच. चालू बांधकामावर तर न कळवताच हव्यात. उघड्या सळयांच्या सांगाड्यावर कुणाचे खासगी आयुष्य उघडे पडत नाही, आणि उद्या येतो म्हटले तर रात्रीतून स्लॅब पडतो. राहते घर मात्र वेगळे. तिथे आजारी सासू आहे, परीक्षेचा मुलगा आहे, देवघर आहे. तिथली भिंत कुठे पळून जात नाही. कळवून गेले तर सेटबॅक चोवीस तासांत दोन फूट मागे सरकत नाही. हा भेद मी शोधलेला नाही. इंग्लंडच्या १९९० च्या नगररचना कायद्यात राहत्या घरात हक्काने प्रवेश मागायचा तर चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका भाडेकरूने घरतपासनिसाला वॉरंटशिवाय आत घ्यायला नकार दिला, त्याच्यावर खटला भरला गेला, आणि १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅमारा खटल्यात भाडेकरूच्या बाजूने निकाल दिला. आधी सांगा, रात्री जाऊ नका, घरातल्या बायकांना बाजूला व्हायला सवड द्या, अशा अर्थाची कलमे आपल्याकडच्या जुन्या नगरपालिका कायद्यांतही सापडतात. कायदे करणारे गोरे असोत की काळे, उंबरठ्याचा मान त्यांना कळत होता. जे कलमांत नीट आले नाही ते एवढेच की गेलात तर काय पाहिले ते त्याच वेळी लिहा आणि प्रत घरमालकाला द्या.

घर पाडण्याआधी माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे, हा सिद्धांत मुळात अशाच एका महापालिकेच्या भेटीतून जन्मला, ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांबाहेर फार कुणाला माहीत नसते. लंडनमध्ये वाँड्सवर्थला कूपर नावाचा माणूस घर बांधत होता. बांधायला घेण्याआधी सात दिवस बोर्डाला कळवायचा नियम होता. आपण कळवले होते असे तो म्हणे, बोर्ड म्हणे मिळाले नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत काम आले असताना एका संध्याकाळी उशिरा बोर्डाने माणसे पाठवून ते जमीनदोस्त केले. १८६३ मध्ये न्यायालयाने कूपरला भरपाई दिली. कायद्यात सुनावणीचा शब्द नव्हता, तरी ती दिली पाहिजे होती असे न्यायाधीशांनी म्हटले, आणि त्यातल्या एकाने थेट ईडनच्या बागेचा दाखला दिला: देवानेसुद्धा शिक्षा करण्याआधी आदमला विचारले होते. ध्यानात घ्यावे की कूपर अगदी सोवळा नव्हता. मुदत पुरी व्हायच्या आतच त्याने काम सुरू केले होते, हे त्याच्याच बोलण्यातून बाहेर आले होते. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले नाही, फक्त न ऐकता पाडता येणार नाही एवढे सांगितले. बी खात्यातल्या माणसाला हे वाक्य फ्रेम करून लावावेसे वाटेल.

आपल्याकडे १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मुंबईच्या फूटपाथवासीयांबाबत जवळपास तेच म्हटले. मुंबई महापालिका कायद्याचे ३१४ वे कलम सूचना न देता अतिक्रमण हटवू देते, पण देते म्हणजे तसे करायलाच लावत नाही. एरवी सूचना द्यावी हाच नियम. झोपड्या वाचल्या नाहीत, पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली. निकाल गाजला तो उपजीविकेच्या हक्कासाठी. सूचनेचा भाग मागे पडला.

कागद असला म्हणजे न्याय झाला, असे मात्र मी म्हणत नाही. कागद खोटाही लिहिता येतो, आणि त्याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे वांद्र्याच्या पाली हिलवरचा कंगना राणावत यांचा बंगला. ८ सप्टेंबर २०२० ला मुंबई महापालिकेने चालू बेकायदा काम थांबवण्यासाठी असलेल्या ३५४-अ कलमाखाली चोवीस तासांची नोटीस चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी पाडकाम केले. मुंबई उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबरला ती कारवाई आकसाची ठरवून नोटीस रद्द केली. काम चालू नव्हते. पूर्ण झालेल्या कामासाठीचे ३५१ वे कलम वापरले असते तर उत्तराला सात दिवस द्यावे लागले असते. बेकायदा बांधकामाचे समर्थन करत नाही, असेही खंडपीठाने स्पष्ट केले. त्या बाईंच्या राजकारणाशी माझे काडीचे जमत नाही. पण हा निकाल लागू शकला तो महापालिकेने काय पाहिले, केव्हा पाहिले, कोणते कलम लावले हे लेखी होते म्हणून. लेखी होते, त्यामुळे ते तपासता आले आणि खोटे पाडता आले. त्या जागी तोंडी ‘ओनरला फोन करायला सांगा’ असते, तर न्यायमूर्ती कशावर बोट ठेवणार होते?

तोंडी कारभार किती दूर जातो ते बेंगळुरूनेच दाखवले. २०२० च्या जानेवारीत मारतहळ्ळीजवळच्या करियम्मन अग्रहारात, इथे बेकायदा बांगलादेशी राहतात असा गाजावाजा झाल्यावर, मजुरांची शेकडो खोपटी पाडली गेली. राहणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातून पोट भरायला आलेले लोक होते, आसाम-त्रिपुराकडचे होते. खासगी जमिनीवर भाडे देऊन राहणारी माणसे. पाडले कुणी, तर पोलीस महापालिकेच्या एका अभियंत्याचे पत्र दाखवीत आणि महापालिका म्हणे आम्ही असा आदेशच दिलेला नाही. उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने राज्याला फैलावर घेतले. लोकांना असे हुसकावण्याचा पोलिसांना अधिकारच नव्हता. नोंदवह्या धडपणे ठेवणाऱ्या यंत्रणेत ‘हुकूम कुणाचा’ हा प्रश्न न्यायालयापर्यंत जायला नको होता.

१३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा बुलडोझरबाबतचा निकाल, न्यायमूर्ती भूषण गवई आणि विश्वनाथन यांचा, मला त्यातल्या एका बारीकशा सूचनेसाठी आवडतो. पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर्ड पोस्ट, सुनावणी, पाडकामाचे चित्रीकरण, नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई, हे सगळे वर्तमानपत्रांत आले. त्याखेरीज असेही आहे की नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला ईमेल जावा आणि तिथून आपोआप पोच यावी. कशासाठी, तर मागची तारीख टाकता येऊ नये म्हणून. (चंद्रचूड, ओक, गवई. घर पाडणाऱ्यांना कागद दाखवा म्हणणारे तिघेही मराठी निघावेत याचा फार अभिमान बाळगू नये. पाडणारी मुंबई महापालिकाही आपलीच.)

पण त्या निकालाला एक अपवाद आहे आणि बेंगळुरूत तो लहान नाही. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. आणि या शहरातली गाजलेली पाडकामे पाण्याच्या वाटेवरचीच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये राजकालुव्यांवरची, म्हणजे तलावांना जोडणाऱ्या मोठ्या नाल्यांवरची, घरे पाडली. अवनी शृंगेरीनगरातले रहिवासी नोंदणीकृत खरेदीखत, मंजूर नकाशा आणि बँकेचे कर्जपत्र हातात धरून बुलडोझरपुढे उभे होते. २०२२ च्या सप्टेंबरात महादेवपुऱ्यात पाणी भरले, पुन्हा यंत्रे निघाली, आणि लहान घरांवर ती जितक्या झपाट्याने चालली तितकी टेक पार्कांच्या भिंतींवर चालली नाहीत, हे तिथल्या लोकांनी पाहिले. नाला मोकळा व्हायलाच हवा, यात मला शंका नाही. ज्यांनी नाल्यावरच्या घराचा नकाशा मंजूर केला, कर घेतला, खाता दिला, ते कधी कुठे उभे होते आणि त्यांनी काय पाहिले याची नोंद असती तर हिशेब निदान दोन्हीकडून मांडता आला असता. तेव्हा भेटीची नोंद जशी घरमालकाला हवी तशी अधिकाऱ्यांच्या विरोधातही हवी, आणि सरळ अधिकाऱ्याच्या बाजूनेही. आमदाराचा फोन आला तर ‘मी मोजले, हे आकडे, ही दोघांची सही’ असे म्हणणारा इंजिनिअर फार सुरक्षित असतो.

मला हवा आहे तो कागद साधा आहे. कोण आले, कोणत्या तारखेला, किती वाजता, नेहमीची फेरी होती की कुणाची तक्रार, काय मोजले, किती निघाले, दोघांच्या सह्या. तक्रारदाराचे नाव झाका, पण तक्रार काय ती सांगा. ‘काही आढळले नाही’ हेही लिहा. मला वाटते त्या कागदाला सर्वांत जास्त किंमत येईल. आज माहिती अधिकाराचे अर्ज टाकून घरमालकांना घाबरवत फिरणारी एक जमात शहरात आहे. तिचा धंदा निकाल न लागलेल्या तक्रारींवर चालतो. लेखी निकाल लागला की पुढच्या वेळी दार ठोठावायला निमित्त उरत नाही. आणि ज्या शेजाऱ्याचा उजेड गेला, त्याला हातात आकडे मिळतात. ते घेऊन तो अपिलात जाऊ शकतो. आज तो फक्त ‘साहेब येऊन गेले’ एवढे सांगू शकतो.

हे नागरिकाने कुणाकडे मागायचे, हाही एक पेच आहे. बेंगळुरूच्या नगरसेवकांची मुदत २०२० च्या सप्टेंबरात संपली आणि बीबीएमपी अस्तित्वात असेपर्यंत पुन्हा निवडणूक झालीच नाही. २०२५ मध्ये ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आले, सप्टेंबरात पाच महापालिका झाल्या. नगरसेवक हा काही संत नव्हता, मांडवलीत त्याचाही हिस्सा असे. तरी रात्री नऊ वाजता ज्याच्या घरी जाऊन आरडाओरडा करता येई असा तो एकच माणूस होता.

न्यायालयाने एका अर्थी ही मागणी आधीच करून ठेवली आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी देशभरासाठी निर्देश दिले: मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करावी आणि त्या पाहणीची कार्यालयात नोंद ठेवावी, भोगवटा प्रमाणपत्र पाहणीनंतरच द्यावे, आणि ते असल्याशिवाय वीज-पाणी जोडू नये. कर्नाटकात यातले शेवटचे कलम तेवढे जोरात लागू झाले. वीज कंपनी बेस्कॉमने नवी जोडणी अडवली, तयार घरे अंधारात राहिली, हाकाटी झाली, आणि २०२५ मध्ये सरकारने १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवरच्या लहान घरांना भोगवटा प्रमाणपत्रातून सूट दिली. वर्षअखेरीस शुल्क भरून बी खात्याचा ए खाता, म्हणजे नियमित नोंद, करून देण्याची योजनाही आली. तीस बाय चाळीसवाल्यांनी पेढे वाटले असतील तर त्यांना दोष देणार नाही. पण भोगवट्यासाठीची तपासणी ही त्यांच्या घराला होणारी एकमेव भेट होती, जिच्या शेवटी महापालिकेला काहीतरी लिहून द्यावे लागे. ती गेली. मोटारसायकलवरची भेट आहे तशीच आहे, आणि तिची नोंद ठेवण्याचा निर्देश, ज्याने कुणाचीही वीज अडत नाही, त्यासाठी अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.